मागे जागा नाही

१

आई माझ्याकडे का आली नाही?

हे मी कापा मावशीला विचारलं. तिने छातीवर क्रूस काढला आणि बटाटे सोलत राहिली. चर्चमधल्या पाद्रींना विचारलं, ते म्हणाले प्रार्थना कर. रोदियाला, माझ्या थोरल्या भावाला, तोंडावर विचारलं. तो म्हणाला, ते तिलाच विचार. आता विचारायला कुणी उरलं नाही म्हणून लिहायला बसलोय. मला लिहायची सवय नाही. आठवीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. बीस्क शहरात टायरच्या दुकानात काम करतो, चाकं उतरवतो आणि चाकं चढवतो.

कॅमेऱ्यापासून सुरू झालं, म्हणून मीही तिथूनच सुरू करतो.

रोदिया टॅक्सी चालवायचा. जुनी जपानी गाडी होती, सायबेरियात निम्म्या लोकांकडे असते तशी. त्या शरद ऋतूत एक माणूस मुद्दाम त्याच्या गाडीसमोर आडवा झाला आणि पाय मोडला म्हणून बोंबलायला लागला. लगेच दोन साक्षीदारही उगवले. रोदियाकडे कॅमेरा नव्हता. आमच्याकडे गाडीत कॅमेरा नसणं म्हणजे खिसा उलटा करून बाजारात फिरणं. तेव्हा कुठे त्याला अक्कल आली, आणि एका रविवारी आम्ही तिघं स्वस्तातला कॅमेरा बघायला बाजारात गेलो.

आई मागच्या सीटवर होती. पुढची सीट रिकामी असली तरी ती मागेच बसायची. "इथून मला त्याचे डोळे दिसतात," म्हणायची. म्हणजे आरशातले. माझे डोळे तिला कुठूनच दिसत नसत, मी पुढे, तिच्याकडे पाठ करून बसलेला असायचो.

बाजारात मी एक साधा कॅमेरा उचलला. "हा घे. एकच भिंग आहे, पण अंधारातसुद्धा नंबर वाचता येतो."

"धाकट्याला कळतं," विकणारा म्हणाला.

रोदियाच्या हातात दुसराच होता. गाडीतल्या आरशावर चढवायचा आरसा होता तो, आणि त्याच्या काचेमागे कॅमेरा. एक भिंग रस्त्याकडे, एक आत, बसलेल्या माणसांकडे.

"हा स्वस्तातला कचरा आहे," मी म्हणालो. "कार्ड भरलं की अडकणार."

"मला आतलंही दिसायला पाहिजे. दारुडे मागे ओकतात आणि वर म्हणतात, पैसे दिले."

"या किमतीत दोन भिंगं? दोन्ही आंधळी असणार."

आई मागून आली. मूठभर सूर्यफुलाच्या बिया, टक टक फोडत. "रोदुश्काला आवडतो तोच घ्या. गाडी तो चालवतो."

"आणि तुला दवाखान्यात कोण नेतं?"

"तू नेतोस," ती म्हणाली. "बसने."

विकणारा हसला. रोदिया हसला. मीही हसलो, काय करणार.

२

आई माझ्याजवळ राहायची. तिला सुई टोचायचो मी, तिच्या सुजलेल्या पायांना मलम चोळायचो मी. रोदिया नदीपलीकडे राहायचा. अधूनमधून यायचा, संत्र्यांची पिशवी टेबलावर ठेवायचा, आणि आईचा चेहरा असा व्हायचा की जणू कुणी घरात दिवा लावला.

नोव्हेंबरमध्ये ती स्वयंपाकघरात कोसळली. मी कामावरून आलो तेव्हा नळ चालूच होता.

संध्याकाळपर्यंत कापा मावशी, आईची बहीण, हजर झाली आणि तिने घरातले सगळे आरसे झाकले. कपाटाचा, न्हाणीघरातला. टीव्हीवर चादर टाकली. माझा दाढीचा आरसासुद्धा पालथा घातला. चाळीस दिवस हे असंच ठेवायचं. तोवर गेलेलं माणूस घरातच वावरतं, आणि उघडा आरसा सापडला तर त्यातच अडकतं, पुढे जात नाही. मी आईच्या फोटोपुढे व्होडकाचा पेला ठेवला, त्यावर काळ्या पावाचा तुकडा. तिची खुर्ची जरा ओढून ठेवली, बसायला सोपं जावं म्हणून. कामावरून आलो की तिच्याशी बोलायचो. आज काय झालं, मालक काय बोलला.

काहीच नाही. घर घासून पालथ्या घातलेल्या पातेल्यासारखं रिकामं होतं. पाव वाळला. पेला होता तसाच.

कॅमेऱ्याचं मी म्हटलं होतं तसंच झालं होतं. कार्ड भरलं की तो अडकायचा. म्हणून दर रविवारी रोदिया मला कार्ड आणून द्यायचा आणि मी ते दुकानातल्या संगणकावर रिकामं करायचो. आई गेल्यानंतरच्या पहिल्या रविवारीही दिलं. चित्रणाचे तीन-तीन मिनिटांचे तुकडे असायचे. पुसण्याआधी मी दोनचार बघायचो, भिंग नीट चालतंय का म्हणून.

एका तुकड्यात एक प्रवासी मागचं दार उघडायला गेला. रोदिया म्हणाला, "पुढे बसा. मागे जागा नाही."

मागची सीट दिवसाढवळ्या रिकामी होती.

मला वाटलं, तिथे ओलं असेल. पुढच्या तुकड्यातही तेच. "पुढे बसा, मागे जागा नाही." मग एक पिशव्यांनी लगडलेली बाई आली. तिने त्याला विचारलंच नाही, सरळ मागचं दार उघडलं, आत वाकली आणि थबकली.

"अगं बाई! माफ करा हं, आजी," ती म्हणाली. दार हळूच लावलं आणि पुढे येऊन बसली.

मी तो तुकडा पुन्हा लावला. पुन्हा लावला. सीट रिकामी. बाई रिकाम्या सीटकडे बघून ओशाळं हसत होती.

ती बाई उतरल्यावर रोदियाने गाण्याचा आवाज कमी केला. "वैतागलीस का?" त्याने विचारलं. थोडा वेळ थांबला. मग मनापासून हसला, कुणी उत्तर दिल्यावर हसतात तसा. आतलं भिंग आरशातच होतं, त्यामुळे आरशात बघताना तो सरळ माझ्याकडे बघत होता. माझ्याकडे बघून माझा भाऊ इतकं गोड कधी हसला नव्हता, आणि ते हसू माझ्यासाठी नव्हतं.

कानात फोन असेल, मी स्वतःला म्हटलं. एखादी बाई असेल त्याच्या आयुष्यात. आवाज पूर्ण वाढवला. हिटरची घरघर, काचेवरच्या वायपरची खरखर, आणि त्याखाली काहीतरी बारीक. टक. जरा वेळाने पुन्हा टक. बी फोडल्यासारखं.

रोदिया बिया खात नसे. त्याचे पुढचे दात खोटे होते.

३

दुसऱ्या दिवशी मी त्याला दुकानावर बोलावलं. चाकांची हवा बघायची म्हणून. तो आला. गाडी जॅकवर चढवायच्या आधी मी मागचं दार उघडलं. सीट साफ होती. खाली एकही टरफल नव्हतं. पण वास होता. झोप यावी म्हणून आई ज्या थेंबांचं पाणी प्यायची, त्यांचा कडसर वास. तो आमच्या स्वयंपाकघरात यायला हवा होता.

"मागे कोण असतं?" मी विचारलं.

"कोण असणार? रिकामी असते."

"मग प्रवाशांना मागे का बसू देत नाहीस?"

त्याने नाक पुसलं. "तू कार्ड रिकामं करतोस का सिनेमा बघतोस?"

"रोदिया, आई आहे का?"

"ओरडू नकोस," तो म्हणाला. आणि त्याने मालकाच्या खोलीकडे बघितलं नाही, गाडीकडे बघितलं.

हातातला पाना मी जमिनीवर फेकला. "तिला घरी पाठव. मी तिच्यासाठी रोज ताट मांडून बसतो."

"ती काय टायर आहे, या गाडीचा काढून त्या गाडीला चढवायला?"

"तिची सेवा मी केली! तू फक्त संत्री आणायचास!"

"आणायचो ना."

"मग ती माझ्याकडे का येत नाही?"

तेव्हाच तो म्हणाला, "ते तिलाच विचार, व्लास." त्याचा आवाज चढला नव्हता. मला तेच सहन झालं नाही. सुखी माणूस भांडत नाही. आई जाऊन पुरते दोन आठवडे झाले नव्हते आणि माझा भाऊ सुखी होता.

जाताना त्याने मागची काच अर्ध्या बोटाएवढी खाली घेतली. आईला बंद गाडीत गुदमरायचं.

४

पुढच्या रविवारीही त्याने कार्ड आणून दिलं, आणि मी सगळे तुकडे बघितले, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मालक म्हणाला, "तुला गाड्यांचं वेड लागलंय का रे?" 

रोदिया प्रवासी घेतच नव्हता. तो रोज शहराबाहेर पडून चुया रस्त्याला लागत होता, डोंगरांकडे. काही अंतर गेला की गाडी बाजूला घेऊन आरशात बघायचा आणि वळायचा. मंगळवारी वळला एका लाकूड वखारीपाशी. बुधवारी वखार मागे गेली. गुरुवारी बाहेर जे डोंगर दिसत होते ते मी आयुष्यात पाहिले नव्हते. प्रत्येक वेळी वळायच्या आधी तो म्हणायचा, "अजून पुढे? बरं. उद्या." लहान मुलाने हट्ट करावा आणि मोठ्याने तो कौतुकाने ऐकावा, तसं.

त्याचे गाल आत गेले होते. तो खाताना एकाही तुकड्यात दिसला नाही.

त्याच दिवशी कापा मावशी ब्लिनी, म्हणजे आमची पातळ धिरडी, घेऊन आली. चादरी नीट आहेत का ते एकेका खोलीत जाऊन बघितलं. मग दारात बूट चढवता चढवता म्हणाली, "रोदियाने गाडीतला आरसा झाकला ना रे?"

"गाडीतला आरसा झाकून गाडी कशी चालवणार? आणि तो आरसा नाही, कॅमेरा आहे."

"त्यात तोंड दिसतं?"

"दिसतं."

मावशी एक बूट घालून तशीच बसून राहिली. "आणि झिना कायम मागे बसायची," ती म्हणाली. झिना म्हणजे आई. "घरातले चमचेसुद्धा उलटे ठेवले रे मी. पण ते मेलं कॅमेरा म्हणून आणलेलं, माझ्या डोक्यातच नाही आलं." तिने ओट्यावरचा धुतलेला पांढरा टॉवेल माझ्या हातात कोंबला. "आजच्या आज बांध त्याच्यावर. तिला एकटीला कुठे जायला आवडत नाही, तुला माहीत आहे."

मी टॉवेल खिशात घातला. पण खरं सांगतो, बांधायचा विचार माझ्या मनात पहिला नव्हता. मला आधी बसायचं होतं.

रोदिया दुपारी कार्ड परत घ्यायला पुलाच्या अलीकडे उभा होता, मी ते खिडकीतून त्याला दिलं. ऊन इतकं पांढरं होतं की डोळ्यांत पाणी यावं. मी मागचं दार उघडलं.

"पुढे बस," तो म्हणाला.

"मागे बसतो."

"व्लास, मागे जागा नाही."

"सरकेल ती. मीही तिचाच आहे."

मी बसलो. सीट गरम होती. आत्ताच कुणी उठून गेल्यावर असते तशी. रोदियाने गाडी पुलावर घेतली. मी वर बघितलं. आरशात त्याचे डोळे दिसत होते, फक्त डोळे. इतकी वर्षं ती हे बघत होती तर. मी श्वास रोखून वाट बघितली. खांद्याला खांदा लागेल. बी फुटल्याचा आवाज येईल. निदान ती माझं नाव घेईल.

छतावरचा दिवा लागला. दार उघडल्यावर लागतो तो. चारही दारं बंद होती. दिवा क्षणभर जळला आणि विझला.

आरशातले रोदियाचे डोळे बदलले. चुलीतला जाळ ओढून घ्यावा तसे.

"उतरली," तो म्हणाला आणि पुलाच्या मधोमध ब्रेक मारला. मागच्या गाड्यांचे भोंगे सुरू झाले. "खाली उतर."

"रोदिया, मी तुझा भाऊ आहे."

"उतर रे! तिला बर्फात उभं ठेवू नकोस!"

मी उतरलो. तो धावत पलीकडच्या बाजूला गेला, मागचं दार उघडलं आणि रिकाम्या पुलाकडे हात पुढे करून उभा राहिला. हात जरा खाली गेला, वजन पेलताना जातो तसा. मग त्याने दार लावलं आणि निघून गेला. एकदाही माझ्याकडे न बघता. टॉवेल माझ्या खिशात होता.

५

दोन दिवसांनी गाडी चुया रस्त्यावर सापडली, शेवटच्या पेट्रोल पंपाच्या बरीच पुढे. नीट बाजूला लावलेली, साधा ओरखडाही नव्हता. रात्री बर्फ पडला होता आणि धुराची नळी त्यात पुरली गेली होती.

"धूर आत भरला," पोलीस म्हणाला. वयस्क माणूस होता, टोपी काढून बोलत होता. "झोपेतच गेला. त्याला कळलंही नसेल."

"कुठे होता तो?"

"मागे. झोपायला गेला असेल मागे." मग त्याने कार्ड माझ्या हातात ठेवलं. "आम्ही बघितलं. काही नाही त्यात."

मी ते दुकानात बघितलं नाही. मावशीच्या नातवाचा संगणक घरी आणून बघितलं, दाराला कडी लावून. शेवटच्या तुकड्यांमध्ये रोदिया गाडी थांबवतो, उतरतो, मागचं दार उघडतो. आत येऊन कुशीवर आडवा होतो, गुडघे पोटाशी घेऊन. बाहेर अजून उजेड होता.

पोलिसाचं खरं होतं. काही नव्हतं. माझा भाऊ झोपला होता. आंधळं असेल म्हणून मी ज्याला हसलो होतो त्या भिंगात सगळं स्वच्छ दिसत होतं, सीटची शिवणसुद्धा. मी पुढचा तुकडा लावला, त्याच्या पुढचा लावला, आणि मग माझ्या लक्षात आलं की त्याचा गाल सीटला टेकलेला नाही. गाल आणि सीट यांच्यामध्ये वीतभर पोकळी होती. मान सैल, तोंड किंचित उघडं, डोकं वर कशावर तरी आरामात ठेवलेलं. खाली काही नव्हतं.

मग त्याचे केस हलले. कपाळापासून मागे, सावकाश. बटा बाजूला झाल्या आणि पुन्हा पडल्या. पुन्हा कपाळापासून मागे.

कार्ड भरून कॅमेरा अडकेपर्यंत ते चालू होतं.

मला भीती वाटायला हवी होती. मला माझी आजारपणं आठवली. मला ताप आला की ती मला गोळी द्यायची, पाण्याचा पेला द्यायची, आणि म्हणायची, दार लावून घे, वारा येतो. माझ्या केसांतून तिने असा हात कधी फिरवला, हे आठवायला मी रात्रभर बसलो. आठवलं नाही.

६

रोदियाला आईच्या शेजारी पुरलं. दुसरी जागाही नव्हती. त्या दोघांच्या पलीकडे कुंपण आहे.

नंतर पोलिसांनी बोलावून गाडीची किल्ली दिली. गाडी त्यांच्या आवारात शेवटच्या रांगेत उभी होती, गुडघाभर बर्फात. भर दुपार होती. मी पेट्रोलचा डबा घेऊन गेलो होतो, कारण टाकी कोरडी पडली होती, आणि मावशीचा टॉवेल घेऊन गेलो होतो. जाताना मनाशी काय काय ठरवलं होतं. आरसा उपटून त्याचा भुगा करीन. नाहीतर मागे त्या दोघांच्या मध्ये जाऊन बसेन आणि उठणारच नाही, बघू कोण उतरतं ते.

मी चालकाच्या जागेवर बसलो. दार लावलं. कित्येक दिवस बंद असलेली गाडी, आतलं लोखंड गारठ्याने चटका देत होतं. आरशात बघितलं. मागची सीट रिकामी होती.

फक्त मागच्या डाव्या काचेवर आतून वाफ होती. तळहाताएवढी. तिच्या बरीच खाली दुसरी होती, तेवढीच. माझी वाफ पुढच्या काचेवर होती, ती वेगळी. मागची वरची मोठी होत होती, मग आक्रसत होती. खालचीही. दोन्ही बरोबरीने, न चुकता.

"मी आलोय," मी म्हणालो. "व्लास."

दोन्ही थांबल्या. तशाच राहिल्या, वाढल्या नाहीत, कमी झाल्या नाहीत. दोन माणसं बोलत बसलेली असावीत आणि दारात परका दिसला की गप्प व्हावीत, तसं. मी वळून बघितलं नाही. वळलो असतो तर ती दोघं उतरली असती, हे मला कळत होतं, आणि बाहेर बर्फ होता.

मग पुन्हा सुरू झालं. वर एक, खाली एक.

मी टॉवेल हातात घेऊन किती वेळ बसलो होतो कोण जाणे. बांधला तर ती दोघं बरोबरच निघून जातील आणि मी इथे. नाही बांधला तर ती दोघं इथेच, आणि तरीही मी बाहेर. मी हे दहा बाजूंनी फिरवून बघितलं. प्रत्येक बाजूने ती दोघं होती.

फाटकावरच्या पहारेकऱ्याने हाक मारली, "काय रे, चालू होत नाही का? ढकलू का?"

"होईल," मी ओरडलो.

खाली उतरून डबा टाकीत ओतला. थोडं पेट्रोल बर्फावर सांडलं. आत येऊन किल्ली फिरवली. इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि धरलं. मागे गार वाटू नये म्हणून हिटर पूर्ण वाढवला. मान खाली घालून मी टॉवेल आरशाभोवती गुंडाळला आणि मागे गाठ मारली, दुकानात चाकाची पिशवी बांधतो तशी, दोनदा. वर बघितलं नाही. खाली उतरलो. दार आपटलं नाही, खांद्याने दाबून लावलं.

मागे गेलो तर धुराची नळी बर्फात गेलेली होती. हातमोजे गाडीतच राहिले होते. मी गुडघ्यांवर बसलो आणि नळीभोवतीचा बर्फ हातांनी उकरून काढला.